कागद की पडदा : बडोद्यातील एका मराठी वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी (जून ते ऑक्टोबर २०२५)

२ जून २०२५

कामाची व्याप्ती ठरली. दांडिया बाजारातल्या वाचनालयात दाखल नोंदवहीप्रमाणे सुमारे चार हजार मराठी पुस्तके आहेत. यंदाच्या खरेदीच्या रकमेतून ई-रीडर (ई-पुस्तके वाचायचे पडद्याचे यंत्र) घ्यायचे की पुस्तकेच, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. आजच्या भावाने सहा इंची एका ई-रीडरच्या पैशात निदान तीस कादंबऱ्या येतात, त्यामुळे अंदाजाने निर्णय घेणे परवडणार नाही.

सभासदांना आवड विचारून याचा निकाल लागत नाही. आवड विचारली की वयाप्रमाणे वाटणी होते, ज्येष्ठांना कागद आणि तरुणांना पडदा. खरे तर अक्षर मोठे करण्याची सोय ज्येष्ठांनाच जास्त लागते. म्हणून आम्ही पुस्तकच तपासायचे ठरवले. नमुन्याला चाळीस पुस्तके काढली: कादंबऱ्या, सटीप अभंग, नाटके, पाककृती, शब्दकोश, बालचित्रकथा, जुनी बांधीव मासिके. प्रत्येकाची पानाची मांडणी, युनिकोड (म्हणजे संगणकावर शोधता येणाऱ्या) मजकुराची उपलब्धता, हक्क आणि कागदाची अवस्था या चार गोष्टी पाहायच्या.

५ जून

कागदाची तपासणी. मजकूर नसलेल्या पानाचा खालचा कोपरा साधारण एक सेंटिमीटर आत दुमडायचा, मग त्याच रेषेवर उलट बाजूने दुमडायचा. ही एक फेरी. धड कागद पाच-सहा फेऱ्या सहज सोसतो. युद्धकाळातल्या दोन पुस्तकांचा कोपरा पहिल्याच फेरीत सुटून हातात आला. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन आणि कागद शाई पिऊ नये म्हणून वापरलेली तुरटी-राळ, या दोन्हींमुळे कागदात आम्ल तयार होते, आणि उष्णतेत ते काम वेगाने होते. बडोद्याचा मे महिना अशा कागदाला फार वाईट. पहिल्या-दुसऱ्या फेरीत तुटणारे पुस्तक देवघेवीतून काढायचे, हा नियम आजपासून लागू.

चिकटपट्टी लावून 'दुरुस्त' केलेली अकरा पाने सापडली. पट्टीचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडला आहे आणि पट्टी स्वतः सुटली आहे. यापुढे पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ याशिवाय काही वापरायचे नाही.

११ जून

आजचे माप सगळ्या प्रकल्पाला वळण देणारे आहे, म्हणून सविस्तर.

मराठी कादंबरीचा नेहमीचा आकार डेमी एक अष्टमांश, म्हणजे पान साधारण १४ × २१.५ सें.मी. समास सोडले तर छापील मजकुराची चौकट सुमारे १०.५ × १७ सें.मी. आणि अक्षर बहुधा १२ पॉइंट. सहा इंची, ३०० पीपीआयच्या (एका इंचात ३०० ठिपके) ई-रीडरचा पडदा १०७२ × १४४८ ठिपक्यांचा, म्हणजे जेमतेम ९.१ × १२.२ सें.मी. समास पूर्ण कापूनही त्या पानाचे स्कॅन यात बसवले तर ते ७२ टक्के होते, आणि १२ पॉइंटचे अक्षर ८.६ पॉइंटवर उतरते. रोमन लिपीत ८.६ पॉइंट कसेबसे चालते. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला हे सगळे त्याच उंचीत मावायचे असते. 'कीर्ती' आणि 'द्वंद्व' हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले. रफार वेलांटीत मिसळला आणि 'द्व' नुसता काळा ठिपका दिसू लागला.

सात इंचीत (१२६४ × १६८० ठिपके) तेच अक्षर १० पॉइंटवर येते, ७.८ इंचीत ११ च्या थोडे वर. १०.३ इंची पडदा १५.७ × २०.९ सें.मी.चा, त्यात अख्खे डेमी पान समासासकट जवळपास मूळ मापात बसते. फरक इतकाच की या वर्गात २२७ पीपीआय सर्रास असते, त्यामुळे अगदी बारीक तळटीपांच्या कडा थोड्या बोथट दिसतात.

निष्कर्ष: स्कॅन पीडीएफ सहा इंचीवर देणे म्हणजे वाचकाला कागदही न देणे आणि यंत्राचा फायदाही न देणे. अक्षर मोठे करता येणे हा यंत्राचा मोठा गुण, आणि पीडीएफमध्ये नेमका तोच नाहीसा होतो. पान मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटाने सरकवत बसावे लागते. लहान यंत्र घ्यायचे तर फक्त ईपब या ई-पुस्तकाच्या फाईलप्रकारासाठी, जिथे ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने मांडल्या जातात.

१२ जून

कालच्याला जोड. सहा इंची यंत्र आडवे धरून पान रुंदीला बसवले तर अक्षर मूळच्या १.१६ पट होते आणि छान वाचता येते. पण एका पानाचे तीन तुकडे होतात, म्हणजे ३०० पानी पुस्तकाला ९०० वेळा पान पालटणे. अडीअडचणीला ठीक.

१९ जून

पाऊस आला. वाचन दालनातील आर्द्रता दुपारी ७४ टक्के. ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते, आणि कापडी बांधणीवर आधी धरते, कारण कापडाला लावलेली खळ हे तिचे खाद्य. कपाटे भिंतीपासून १० सें.मी. पुढे ओढली, दारे दिवसा उघडी ठेवून पंखा मंद चालू ठेवला. पुस्तके गच्च भरलेल्या दोन फळ्यांतून प्रत्येकी चार पुस्तके कमी केली, कारण हवा खेळायला बोटभर फट हवी. कसर तीन ठिकाणी दिसली, तीही अस्तराच्या कागदाखाली.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले होते. ते ध्यानात घेऊन जमिनीलगतची फळी कायमची रिकामी केली. सर्वात खालचे पुस्तक आता फरशीपासून ४५ सें.मी. वर आहे. भिजलेल्या पुस्तकांसाठीची सूचना कपाटावर लावली: ४८ तासांच्या आत वाळवणे सुरू झाले पाहिजे. ते जमणार नसेल तर पुस्तक मेणकागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावे, म्हणजे बुरशी थांबते आणि पुढे सवडीने एकेक काढून वाळवता येते. आर्ट पेपरचे पुस्तक सर्वात आधी उचलायचे, कारण त्याच्या पानांवरचा मातीचा लेप ओला होऊन वाळला की पाने कायमची वीट बनून चिकटतात.

२७ जून

ईपब चाचणी, सात इंची यंत्रावर. मजकूर मराठी विकिस्रोत या मुक्त पुस्तकांच्या संकेतस्थळावरून, तिथे ईपब थेट उतरवून घेता येते.

पहिली अडचण टंकाची, म्हणजे फॉन्टची. यंत्राच्या मूळ देवनागरी टंकात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले. वाचता येते, पण पाकळीचा ल आणि देठाचा श पाहत आलेल्या डोळ्याला पानभर काहीतरी खुपत राहते. सभासद 'अक्षर बरोबर वाटत नाही' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना हेच म्हणायचे असते. उपाय दोन. यंत्र संगणकाला जोडून त्याच्या मुख्य जागेत 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरात टंकाची टीटीएफ किंवा ओटीएफ फाईल टाकायची. किंडल आणि कोबो या दोन्ही बनावटींच्या ई-रीडरमध्ये हे चालते. टिरो देवनागरी मराठी या टंकात मराठी वळण मुळातच आहे. दुसरा उपाय ईपबच्या आत भाषेची खूण दुरुस्त करण्याचा. अनेक फायलींत ती 'एचआय' म्हणजे हिंदी असते. ती 'एमआर' केली की दोन्ही वळणे सामावणारा टंक मराठी आकार निवडतो. दोन्ही केलेले उत्तम.

दुसरी अडचण ओळींची. ज्येष्ठ वाचकासाठी अक्षर मोठे केले की एका ओळीत चार-पाच शब्दच मावतात. मराठीत 'विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा' असे लांब शब्द मुबलक, आणि यंत्र ते तोडत नाही. दोन्ही कडा सरळ ठेवण्याची मांडणी चालू असेल तर शब्दांमध्ये भली मोठी भगदाडे पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडून मोकळी मांडणी ठेवायची. ओळींमधले अंतर एक पायरी वाढवायचे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. ही मांडणी करून दिली तेव्हा वाचनाचा वेग लगेच सुधारला.

अभंग आणि ओव्या मात्र फसल्या. चरण मोडून पुढच्या ओळीत गेला की यती हरवते, आणि टीप पानाच्या तळाशी न राहता दुवा दाबल्यावर वेगळ्या जागी उघडते. ओवी, खाली अर्थ, बाजूला पाठभेद ही मांडणी एका नजरेत दिसणे हाच त्या पुस्तकाचा उपयोग आहे. सटीप काव्य कागदावरच.

४ जुलै

शब्दकोश. यात पडदा निर्विवाद सरस ठरला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात शोधता येतो, आणि आमची छापील प्रत इतकी जड आहे की फळीवरून काढतानाच तिचा कणा दर वेळी थोडा उसवतो. मराठी विश्वकोशही जाळ्यावर खुला आहे. संदर्भ विभागात एक संगणक या कामाला बांधून ठेवायचा.

पण ई-रीडरमध्ये शब्दावर बोट दाबून अर्थ पाहण्याची सोय मराठीला फारशी उपयोगी नाही. 'घोड्याने' दाबले की यंत्र कोशात 'घोड्याने' शोधते. मूळ शब्द 'घोडा', आणि सामान्यरूप होताना शेवट बदललेला. केवळ प्रत्यय कापूनही भागत नाही.

१२ जुलै

हक्क. इथे बराचसा निर्णय आपोआप झाला.

भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७) लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क राहतो. म्हणजे १९६४ मध्ये किंवा त्यापूर्वी निधन झालेल्या लेखकाचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२५ पासून मुक्त. अनुवाद असेल तर अनुवादकाचे निधनवर्षही पाहायचे. लेखकाच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे ६० वर्षे प्रकाशनापासून मोजायचे. अलीकडच्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा आणि चित्रांचा हक्क स्वतंत्र असतो, त्यामुळे मूळ मजकूर मुक्त असला तरी नवी आवृत्ती जशीच्या तशी वाटता येत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत आधीच संग्रही असेल तर, जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा आहे. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. जतनासाठी साठवणे आणि घरी देणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे सर्व स्वयंसेवकांना समजावून सांगितले.

विकत घेतलेले ई-पुस्तक ही खरेदी नसते, एका खात्याला दिलेला वापर-परवाना असतो. ते यंत्रात भरून यंत्रच सभासदाला देणे परवान्यात बसत नाही. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची सोयही बंद झाली आहे. छापील कादंबरी मात्र एकदा विकत घेतली की तिचा कणा टिकेल तोवर शंभर जणांना वाचायला देता येते. त्यामुळे हयात लेखकांची नवी मराठी पुस्तके वाचनालयाने कागदावरच घ्यायची. घरी एकट्याने वाचणाऱ्या सभासदाला आमचा सल्ला वेगळा राहील: एकदाच वाचायची कादंबरी ई-पुस्तक म्हणून खुशाल घ्यावी.

२१ ते २६ जुलै

ठिसूळ पुस्तकांपैकी मुक्त असलेली सात स्कॅन केली. उभ्या स्टँडवर १२ मेगापिक्सेलचा फोन, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकेक एलईडी दिवा, पुस्तक १०० अंशांपेक्षा जास्त उघडणार नाही असा पुठ्ठ्याचा व्ही आकाराचा पाळणा. पाळण्यात एका वेळी एकच पान टिपायचे. डेमी पान चौकटभर घेतले तर ४०० डीपीआयच्या (इंचाला ठिपके) थोडे वर मिळते, समासाला जागा सोडूनही. दोन पाने एकत्र घेतली तर हेच ३०० च्या आसपास येते, आणि जुन्या खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरठशांच्या) छपाईतल्या बारीक अनुस्वाराला ते कमी पडते.

आधी सगळी उजवी पाने, मग सगळी डावी. २४० पानी पुस्तकाला दोघांना सव्वा तास. पहिल्या दिवशीची दोन पुस्तके पुन्हा करावी लागली: छताचा पंखा चालू होता, पान अर्ध्या मिलिमीटरने थरथरत होते आणि फोनचा फोकस दर चौथ्या पानाला सुटत होता. फोकस हाताने पक्का करून ठेवायचा. दर वीस पानांनी एक पान पूर्ण मोठे करून पाहायचे. पृष्ठक्रमांक सलग आहेत का, हे बांधणीला पुस्तक परत देण्यापूर्वी मोजायचे.

५ ऑगस्ट

ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरे संगणकाने ओळखणे. टेसरॅक्ट या त्यासाठीच्या साधनाच्या मराठी संचाने १९९० नंतरची छपाई बरी वाचली. जुन्या खिळ्यांच्या छपाईत 'ख'चा 'रव' झाला, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल झाली. 'वऱ्हाड', 'दऱ्या' यांतला ऱ्य-ऱ्हचा अर्धा र कधी रफार होऊन वर गेला, कधी गळाला. त्यात आणखी एक मेख: हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. दिसायला सारखा, पण शोध घेताना एका पद्धतीने टंकलेला 'दऱ्या' दुसऱ्या पद्धतीच्या फायलीत सापडत नाही. सर्व फायलींत एकच पद्धत ठेवायची. आम्ही नुक्त्याचा ऱ आणि हलन्त ही पद्धत धरली.

सर्वात जास्त जपायचे ते जुने लेखन. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत 'घरीं', 'केलें', 'कांहीं' असे अनुस्वार आहेत. शब्दसंग्रह लावून 'सुधारणा' करणारी साधने ते सरसकट पुसून टाकतात. मग ते पुस्तक त्या काळचे राहत नाही. आपोआप दुरुस्ती बंद, मुद्रितशोधन डोळ्यांनी, दोन वेळा. एका पानाला दहा मिनिटे धरली तर २४० पानांना ४० तास. सात पुस्तकांचा ईपब या वर्षी होणार नाही. एकाचा होईल. बाकी सहा स्कॅन रूपातच, मोठ्या पडद्यावर.

२२ ऑगस्ट

चाचणीचे सात इंची यंत्र फुटून परत आले. बाहेर ओरखडाही नाही, पण पडद्याचा उजवा तिसरा हिस्सा गोठलेला. या पडद्याच्या मागचा थर काचेचा असतो, आणि पिशवीत भाजीखाली दाबला गेला की तो आत तडकतो. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. पुढील यंत्रे कडक झाकणाच्या वेष्टनातच बाहेर जातील आणि अनामत घेतली जाईल.

परत आलेल्या यंत्रावर करायची कामे ठरवली: आधीच्या वाचकाच्या खुणा काढणे, अक्षराचे माप मूळ स्थितीला आणणे, वायफाय बंद, चार्ज निम्म्याच्या आसपास ठेवून कपाटात. पूर्ण रिकामी बॅटरी बराच काळ पडून राहिली तर मरू शकते. उन्हाळ्यात बंद गाडीत यंत्र ठेवू नये, ही चिठ्ठी वेष्टनाच्या आत चिकटवली.

२ सप्टेंबर

समजण्यावर काय परिणाम होतो, असे कार्यकारिणीने विचारले होते. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर आणि मर्यादित वेळ असेल तर कागदावर वाचलेले अधिक समजते, निव्वळ कथात्मक मजकुरात तसा फरक दिसत नाही, असे त्यात आढळले. आमच्या वाटणीशी हे जुळते. स्पर्धा परीक्षेच्या कपाटातली पुस्तके म्हणूनच कागदावर राहतील.

खरेदी मंजूर: १०.३ इंची एक यंत्र, दालनातच वापरण्यासाठी, स्कॅन वाचायला. सात इंची दोन, घरी देण्यासाठी, फक्त हक्कमुक्त ईपब भरलेली. उरलेली सर्व रक्कम पुस्तके आणि बांधणीला.

१८ सप्टेंबर

दाखल नोंदवहीत नवा रकाना: 'कसे वाचावे'. 'का' म्हणजे कागद, 'प' म्हणजे पडदा, 'दो' म्हणजे दोन्ही. चाळीसपैकी २६ 'का', ५ 'प', ९ 'दो'. बालचित्रकथा एकजात 'का': काळ्या-पांढऱ्या पडद्यावर त्यांचे काही उरत नाही आणि दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध तुटते. पाककृतीही 'का', ओल्या पिठाच्या बोटाने पडदा पालटत नाही.

सात इंची यंत्रांची पेटी लाकडीच केली: यंत्र, वायर, मोठ्या अक्षरातली एक पानाची सूचना, आत काय आहे त्याची यादी. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालय खाते उभे राहिले, आणि त्यातून गावोगाव फिरत्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. पेटी आली तशी परत जावी म्हणून यादी पेटीसोबतच असलेली बरी. पहिली पेटी मांजलपूरच्या एका ज्येष्ठ सभासदांकडे गेली, त्यांना छापील अक्षर भिंगानेही लागत नाही.

६ ऑक्टोबर

दिवाळी अंकांची मागणी पुण्याला कळवली, सगळे छापील. काहींचे डिजिटल अंक निघतात, पण ते एका खात्यापुरते, आणि आपल्याकडे एक अंक फाल्गुनापर्यंत तीस-चाळीस हातांतून जातो.

त्यासाठी अंक आल्या दिवशीच शिवायचे. नुसत्या गमची बांधणी तीन-चार वाचकांतच सुटते, कारण आर्ट पेपरच्या गुळगुळीत लेपावर गम धरत नाही, आणि आधी जाहिरातींची पाने गळतात. कण्यापासून ८ मि.मी. आत, वरून-खालून ३ सें.मी. सोडून, समान अंतरावर पाच भोके बारीक गिरमिटाने पाडायची, टोच्याने नको, त्याने कागद फाटतो. मेण लावलेला सुती दोरा मधल्या भोकातून सुरू करून दोन्ही टोकांना जाऊन मध्येच परत आणायचा आणि गाठ मागच्या बाजूला द्यायची. वर कण्याला कापडी पट्टी, खळीने. वाळायला रात्रभर वजनाखाली. आतला समास १५ मि.मी.पेक्षा कमी असेल तर भोके ५ मि.मी.वर घ्यायची, नाहीतर ओळींची सुरुवात शिवणीत जाते.